प्रार्थना सुचत नाही तेव्हा : हताश दिवसांत ख्रिस्तावर विसंबून राहण्याच्या पायऱ्या

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी तालुक्यातील आमच्या नदीकाठच्या गावात शिरले. ते ओसरल्यावर आम्ही परतलो तेव्हा घराची मागची मातीची भिंत बसलेली होती, उभा ऊस कुजून वास मारत होता आणि पेटीत ठेवलेले आजोबांचे बायबल भिजून विटेसारखे फुगले होते. दोन वर्षांनी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, वडील गेले. आमचे उपासनेचे मंदिर, म्हणजे चर्च, बंद होते आणि दफनाला आम्ही मोजके सहा जण होतो. त्या दिवसापासून जवळजवळ चौदा महिने मला प्रार्थना करता आली नाही. मी साबाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या बायबलच्या वर्गात, मुलांना शिकवत होतो, रविवारी उपासनेला बसत होतो, गीतेही म्हणत होतो; पण डोळे मिटले की समोर कोणी ऐकणारा आहे असे वाटत नसे.

पुढे जे लिहिले आहे ते त्या महिन्यांत, आणि नंतर आमच्या मंडळीतील, म्हणजे चर्चच्या परिवारातील, दुःखी माणसांच्या घरी बसून शिकलेले आहे. विश्वास म्हणजे मनात आपोआप उमटणारी खात्री, अशी समजूत करून घेऊन आपण ती खात्री शोधत बसतो आणि ती सापडली नाही की आपला विश्वास संपला असे मानतो. शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, विश्वासणारे असे नाहीत. ते रडतात, देवाला जाब विचारतात, मरण मागतात. पण हे सारे ते देवाकडे तोंड करून करतात. हताश माणसाला आज एवढेच करायचे आहे, आणि ते करण्याला रीत आहे.

आधी जीव सांभाळा

जगूच नये असे विचार मनात येत असतील, तर बाकीचा लेख बाजूला ठेवून आजच एका माणसाला ते स्पष्ट शब्दांत सांगावे. ‘मला बरे वाटत नाही’ असे मोघम बोलू नये. ‘मला जगावेसे वाटत नाही आणि मला एकटे राहण्याची भीती वाटते’ असे म्हणावे. घरात शेतीची औषधे किंवा जास्तीच्या गोळ्या असतील तर त्या भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या ताब्यात देऊन त्यांच्याकडेच कुलपात ठेवायला सांगावे. मानसिक आरोग्यासाठी फोनवरून मदत देणाऱ्या सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो आणि कन्नड येत नसले तरी बोलण्याची भाषा निवडता येते. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२ वर फोन करावा. पोलिसांच्या भीतीने आपल्याकडची कुटुंबे अशा गोष्टी दडवतात, म्हणून हेही सांगितले पाहिजे की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा प्रसंगातील माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले आहे; त्याला शिक्षा करण्यापेक्षा त्याची काळजी घेणे, उपचार करणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, अन्नावरची वासना गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. कर्नाटकात मनोचैतन्य योजनेखाली तालुका रुग्णालयांत मंगळवारी मानसोपचाराची ओपीडी ठेवलेली आहे. निघण्यापूर्वी आपल्या तालुक्यातील वेळेची चौकशी करावी. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात हा विभाग आहे, आणि धारवाडची मानसोपचाराची मोठी संस्था आपल्या भागाला जुनी ओळखीची आहे. औषध सुरू केल्यावर गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात. तोवर धीर धरावा आणि बरे वाटले म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी सोडू नये.

गोळी घेणे म्हणजे प्रभूवर अविश्वास दाखवणे, असे आमच्या घरप्रार्थनेत एका पाहुण्या प्रचारकाने सांगितले होते, आणि ते ऐकून एका बाईंनी औषध बंद केले. पुढचे तीन महिने त्या घराने काय सोसले ते मी पाहिले आहे. प्रेषित पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकचा उल्लेख ‘प्रिय वैद्य’ असा केला आहे. ज्या लेखणीतून आपल्याला उधळ्या पुत्राचा दाखला मिळाला ती वैद्याची होती, हे अशा वेळी आठवावे.

मग भाकरी आणि झोप

ही पायरी मी पूर्वी शिकवताना घाईने ओलांडत असे. आता ती सर्वांत सावकाश सांगतो.

पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलीया संदेष्टा रानात एक दिवसाची वाट चालून जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि ‘आता पुरे झाले, माझा प्राण घे’ अशी विनवणी करतो. हा तोच एलीया आहे ज्याने आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला पाहिला होता. देव त्याला रागे भरत नाही, उपदेश करत नाही, मोठ्या विजयाची आठवणही करून देत नाही. एलीया झोपतो. देवदूत त्याला हात लावून उठवतो आणि ‘ऊठ, खा’ एवढेच म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई असते. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला लावतो, आणि कारण सांगतो की पुढची वाट फार लांबची आहे. देवाचा प्रश्न, ‘एलीया, तू येथे काय करतोस?’, हा चाळीस दिवसांनंतर, होरेब डोंगरावर पोहोचल्यावर येतो. म्हणजे देवानेही आधी त्याचे पोट आणि झोप पाहिली आणि मनाचे बोलणे नंतर काढले.

म्हणून पहिले आठ दिवस आध्यात्मिक काही साधायचा अट्टहास करू नये. दिवसातून दोन वेळा ठरलेल्या वेळी, भूक नसली तरी, अर्धी भाकरी आणि वाटीभर आमटी खावी. उपवास-प्रार्थना या दिवसांत करू नये. तुमच्या वतीने मंडळीतील धडधाकट माणसांनी ती करावी. रात्री एकाच वेळी अंथरुणावर पडावे आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. सकाळी उठल्यावर अंगणात किंवा बांधावर दहा मिनिटे चालावे. दारूची सवय असेल तर ती या दिवसांत दुप्पट घात करते, कारण तिने झोप आल्यासारखी वाटते पण पहाटे मन अधिक खोल जाते. जेवणापूर्वी ‘प्रभू, ही भाकर तू दिलीस’ एवढे एक वाक्य म्हणता आले तर म्हणावे; नाही आले तरी जेवावे.

गाऱ्हाणे मांडायला शिका

माझी आत्या, जिला आम्ही सारे अक्का म्हणतो, ते फुगलेले बायबल टाकून द्यायला तयार नव्हती. तिने ते सावलीत वाळवले. पाने एकमेकांना चिकटून त्यांचा गठ्ठा झाला होता. रोज संध्याकाळी चुलीवरचे आटोपले की ती ओट्यावर बसायची आणि पोती शिवायच्या दाभणाने एकेक पान कडेपासून सोडवायची. पान फाटू नये म्हणून श्वास रोखून धरायची, आणि सुटले की ते माझ्यापुढे करून म्हणायची, “आज हे सुटलंय, हेच वाच.” तिच्या चष्म्याचा नंबर वाढला होता म्हणून मी वाचत असे, विश्वास होता म्हणून नव्हे. अशा रीतीने स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधले प्रार्थनागीतांचे पुस्तक, आम्ही आवडीच्या क्रमाने न वाचता, जे पान सुटेल त्या क्रमाने वाचली. तेव्हा माझ्या ध्यानात आले की लहानपणापासून आपल्याला पाठ करून घेतलेली २३ वे, १२१ वे अशी स्तोत्रे ही या पुस्तकाची एकच बाजू आहे. दीडशे स्तोत्रांपैकी जवळपास एकतृतीयांश स्तोत्रे गाऱ्हाण्यांची आहेत. देवाच्या लोकांनी ती मंदिरात, सर्वांसमोर, गायची म्हणून जपून ठेवली.

तुम्हीही आपले गाऱ्हाणे लिहावे. त्यासाठी १३ वे स्तोत्र समोर ठेवावे. त्यात सहाच वचने आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद राजा चार वेळा ‘कोठवर?’ असे विचारतो. पुढच्या दोन वचनांत तो मागणे मागतो : माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे, माझ्या डोळ्यांना प्रकाश दे. शेवटच्या दोन वचनांत तो देवाच्या दयेवर भरवसा ठेवल्याचे सांगून गातो. वहीच्या पानावर याच क्रमाने तीन भाग करावेत.

पहिल्या भागात जे झाले ते नेमके लिहावे. ‘माझ्या जीवनात संकटे आहेत’ असे लिहून काही हलत नाही. ‘सोसायटीचे कर्ज फिटत नाही, कारखान्याचे बिल आले नाही, मुलगा बेंगळुरूहून फोन उचलत नाही, आणि प्रभू, तू गप्प आहेस’ असे लिहावे. भाषा घरातलीच असावी. आपल्याकडे उपासना कुठे मराठीत, कुठे कन्नडमध्ये, कुठे दोन्ही मिसळून होते आणि चारचौघांत प्रार्थना करताना आपण ग्रंथातले शब्द वापरतो. गाऱ्हाणे मात्र आईशी ज्या बोलीत भांडलो असतो त्याच बोलीत यावे. दुसऱ्या भागात एकच मागणे लिहावे, तेही आजच्या दिवसापुरते. तिसरा भाग भरता आला तर भरावा. आला नाही तर जागा कोरी सोडून खाली तारीख घालावी आणि वही मिटावी.

कोरी जागा सोडण्याची मुभा मी माझ्या पदरची देत नाही. ८८ वे स्तोत्र पाहावे. ते रात्रंदिवस आरोळी मारणाऱ्या माणसाचे आहे, आणि त्यात दावीदासारखे शेवटी वळणारे पाऊल नाही. ते काळोखाच्या उल्लेखावरच संपते. तरीही त्याची सुरुवात ‘माझ्या उद्धारक देवा’ अशा हाकेने झाली आहे. ज्याला हाक मारतो त्याच्यावरचा हक्क त्या माणसाने सोडलेला नाही, आणि काळोखात उरणारा विश्वास हाच आहे. आपल्या प्रभूनेही वधस्तंभावर स्वतःचे नवे शब्द शोधले नाहीत. २२ व्या स्तोत्रातले ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे शब्द त्याने उच्चारले. तुमच्या तोंडी तो प्रश्न येतो तेव्हा तो विचारणारे तुम्ही पहिले नाही, आणि देवाच्या पुत्राने विचारलेला प्रश्न पाप होऊ शकत नाही.

स्वतःचे शब्द आटले तर

लिहिणेही होत नाही असे दिवस येतात. त्या दिवशी उसने शब्द घ्यावेत. प्रभूची प्रार्थना सावकाश, एकेका वाक्यावर थांबत म्हणावी. मार्काच्या ९ व्या अध्यायातील आजारी मुलाच्या बापाचे वाक्य, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’, चिठ्ठीवर लिहून शर्टाच्या खिशात ठेवावे. मी ते तीन महिने ठेवले होते. अर्धा विश्वास आणि अर्धा अविश्वास घेऊन आलेल्या त्या बापाला येशूने परत पाठवले नाही, त्याचा मुलगा बरा केला. उपासना-संगीत या गीतपुस्तकातली रेव्हरंड ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) पदे ज्यांच्या कानांवर लहानपणापासून आहेत त्यांनी ती नुसती गुणगुणावीत. ओव्या-अभंगांच्या चालीतले शब्द थकलेल्या मनाला ओढून नेतात. कॅथलिक बंधुभगिनींना जपमाळेचा हाच आधार आहे. एकही शब्द निघत नसेल तर रोमकरांस पत्राचा ८ वा अध्याय सांगतो की पवित्र आत्मा अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. तेव्हा उशीत तोंड खुपसून कण्हणे हीसुद्धा प्रार्थना म्हणून धरावी.

चार माणसे शोधा

मार्काच्या २ ऱ्या अध्यायात कफर्णहूमातल्या एका पक्षघाती माणसाला चौघे जण बाजेवर उचलून आणतात आणि दारात गर्दी असल्याने छप्पर उस्तरून खाली सोडतात. शास्त्र सांगते की येशूने ‘त्यांचा विश्वास पाहून’ त्या माणसाशी बोलायला सुरुवात केली. बाजेवरच्या माणसाला स्वतःला तेव्हा काय वाटत होते, हे तिथे लिहिलेले नाही. तुमच्याच्याने विश्वास ठेववत नसेल त्या काळात दुसऱ्यांनी तुमच्यासाठी ठेवलेला विश्वास प्रभूला चालतो.

माणसे निवडताना मात्र सावध असावे. गाव लहान, मंडळी त्याहून लहान, आणि घरप्रार्थनेत ‘अमक्यासाठी विशेष प्रार्थना करा’ म्हणून सांगितलेली गोष्ट मंगळवारच्या बाजारापर्यंत पोहोचते. एखाद्याने तुमच्यापाशी दुसऱ्याचे गुपित कधी सांगितले असेल, तर तो तुमचेही सांगेल. चौघे मिळालेच पाहिजेत असे नाही, दोन पुरतात. एक घरातला किंवा नात्यातला असावा, एक घराबाहेरचा. पाळकसाहेबांना किंवा फादरना भेटायचे असेल तर उपासनेनंतरच्या गर्दीत न गाठता आधी वेळ मागून घ्यावी, आणि पहिल्याच वाक्यात सांगावे की हे आपल्या दोघांतच राहावे. त्यांच्याकडे नेमके काय मागायचे ते आधी ठरवावे : ‘आठवड्यातून एकदा मला फोन करा’, ‘प्रभुभोजन घरी आणून द्या’, ‘डॉक्टरांकडे माझ्याबरोबर चला’. मोघम मदत मागितली की मोघम आश्वासन मिळते. या भागात १८२० मध्ये लंडन मिशनने बेळगावात काम सुरू केल्यापासून मंडळ्या आहेत. दुष्काळ, प्लेग, पूर अनुभवलेल्या घरांतली म्हातारी माणसे प्रत्येक मंडळीत असतात. माझ्या अनुभवात तरुण उत्साही उपदेशकापेक्षा अशी एखादी आजी अधिक कामाची ठरते, कारण तिला उत्तर देण्याची घाई नसते.

कोणाचे ऐकू नये

‘तुमच्या घरात कुठेतरी पाप दडलेले आहे म्हणून पुराने तुमचेच घर पडले’, असे आम्हाला तोंडावर सांगितले गेले. त्या वाक्याने पुराहून अधिक नुकसान केले. ज्यांना असे ऐकावे लागते त्यांनी लूकच्या १३ व्या अध्यायातली पहिली पाच वचने वाचावीत. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती, आणि ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, या प्रश्नाला येशूने ‘नाही’ असे उत्तर दिले, आणि पश्चात्तापाची हाक ऐकणाऱ्या सगळ्यांनाच दिली. पडलेल्या भिंतीवरून माणसाच्या पापाचा हिशेब काढण्याची वाट प्रभूने स्वतः बंद केली आहे. विशेष प्रार्थनेसाठी पैसे मागणारा, औषध बंद करायला लावणारा, आणि बरे झाले नाही तर दोष तुमच्या विश्वासाला देणारा, या तिघांपासून हात जोडून दूर व्हावे. बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, ते त्यांचे सर्वांत चांगले काम होते. बोलू लागल्यावर मात्र ते चुकत गेले, आणि शेवटी देवाचा कोप त्यांच्यावर झाला, ओरडणाऱ्या ईयोबावर नाही.

नेम लहान ठेवा, पण मोडू नका

शरीर जरा सावरले, गाऱ्हाण्याची चार-सहा पाने झाली, की वाचनाचा नेम सुरू करावा. मार्काचे शुभवर्तमान घ्यावे. अध्याय सोळाच आहेत आणि येशू त्यात सतत थकलेल्या, हाकललेल्या, आजारी माणसांमध्ये दिसतो. रोज अर्धा अध्याय पुरे. वाचून झाल्यावर काय शिकलो हे शोधू नये. आज येशू कोणाजवळ थांबला, एवढेच एका ओळीत वहीत लिहावे. महिन्याभरात पुस्तक संपते. प्रभुभोजनाला जाणे सोडू नये, कारण तिथे आपल्याला काही वाटण्याची अट नसते. हात पुढे करायचा आणि जे दिले जाते ते घ्यायचे असते. उपासनेत बसवत नसेल तर शेवटच्या बाकावर दाराशी बसावे आणि गरज वाटल्यास उठून जावे.

नेम मोडला तर मोडलेले दिवस मोजू नयेत, आज जिथे आहोत तिथून पुढे वाचावे. यशया ४२ मध्ये परमेश्वराच्या सेवकाविषयी लिहिले आहे की चेपलेला बोरू तो मोडणार नाही आणि मिणमिणती वात तो विझवणार नाही. ज्यांच्या घरी कंदील होता त्यांना ठाऊक आहे की मिणमिणती वात प्रकाश कमी देते आणि धूर जास्त करते. ती विझवून टाकणे सोपे असते. ती तशीच हाताच्या आडोशाने जपणारा हा प्रभू आहे.

पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) उदाहरण मी या पायरीशी जोडतो. दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि बहीण गेली, मग भाऊ, मग लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती. ख्रिस्ताला स्वीकारल्यावर दुःख थांबले असे झाले नाही. १९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली. त्या आयुष्याची शेवटची वर्षे बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या, आणि मुलीच्या मृत्यूनंतरही ते काम त्यांनी सोडले नाही. त्यांच्या मनात त्या महिन्यांत काय चालले होते ते देवाला ठाऊक. आपल्याला दिसतो तो रोजचा नेम.

सोबतीला बसणाऱ्यासाठी

तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी या अवस्थेत असेल, तर हे तुमच्यासाठी. रिकाम्या हाताने जाऊ नका, डबा घेऊन जा. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट दडपलेले बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नका. वचने सांगण्याआधी निदान अर्धा तास ऐकून घ्या. अम्माऊसच्या वाटेवर पुनरुत्थित प्रभू त्या दोन निराश शिष्यांबरोबर चालू लागला तेव्हा त्यानेही आधी ‘तुम्ही कशाविषयी बोलत आहात?’ असे विचारले, आणि ‘आम्हाला आशा होती’ हे त्यांचे मोडलेले वाक्य पूर्ण होऊ दिले. शास्त्र उलगडून सांगितले ते त्यानंतर. प्रार्थना करायची असेल तर परवानगी मागा, दोन मिनिटांत संपवा आणि त्या माणसाला ‘आमेन’ म्हणायला भाग पाडू नका. निघताना ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणू नका, कारण तो सांगणार नाही. पुढचा वार आणि वेळ ठरवून सांगा, आणि त्या वेळी पाऊस असला तरी जा.